चाकांची खुर्ची आणि संचालक मंडळाची खुर्ची

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेविषयी आपल्याकडील वृत्तपत्रांतून जे छापून येते ते बहुधा निवासी डॉक्टरांचे संप, परिचारिकांची टंचाई आणि शस्त्रक्रियेसाठी महिनोन्‌महिने ताटकळणाऱ्यांच्या याद्या एवढ्यापुरतेच असते. डॉक्टर आणि परिचारिका यांच्याखेरीज या सेवेत आणखी एक वर्ग आहे आणि त्याची वार्ता सहसा होत नाही. तो वर्ग म्हणजे आरोग्यसेवेतील शास्त्रज्ञांचा. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेपासून किरणोत्साराचे मोजमाप करणाऱ्या पदार्थवैज्ञानिकापर्यंत पन्नासांहून अधिक शाखांत ही मंडळी विखुरलेली आहेत. सुमारे ऐंशी टक्के निदानांमध्ये त्यांच्या कामाचा वाटा असतो, असा खुद्द त्या सेवेचा दावा आहे. या वर्गातील एका लहानशा शाखेचा प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे. ही शाखा सहायक साधनांची, म्हणजे अपंगाला बसण्यास, हिंडण्यास, बोलण्यास आणि घरातील दिवा लावण्यास समर्थ करणाऱ्या साधनांची आहे. तिच्यात काम करणारा शास्त्रज्ञ आज केवळ कार्यशाळेत राहू इच्छीत नाही. धोरण आणि पैसा जेथे ठरतो तेथे, म्हणजे वरिष्ठ नेतृत्वाच्या पंक्तीत, त्याला स्थान हवे आहे. ही आकांक्षा रास्त आहे काय, आणि असल्यास तिच्या वाटेत काय आहे?

प्रथम त्याचे काम पाहू. मोटर न्यूरॉन नावाच्या आजारात चेतापेशी झिजत जातात. हात जातात, पाय जातात, पुष्कळदा वाचाही जाते आणि बुद्धी मात्र बहुतेकांची शाबूत राहते. प्रख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना हाच आजार होता. १९८५ साली श्वासनलिकेवरील शस्त्रक्रियेनंतर त्यांची वाचा गेली आणि त्यापुढील तेहेतीस वर्षे जगाने त्यांचा जो आवाज ऐकला तो यंत्राचा होता. हॉकिंग दीर्घायुषी ठरले हा अपवाद होय. या आजाराचे निदान झाल्यापासून वर्षभरात सुमारे एक-तृतीयांश रुग्ण दगावतात आणि दोन वर्षांत निम्म्याहून अधिक. अशा रुग्णाकडे जाणारा शास्त्रज्ञ प्रथम एवढेच पाहतो की, शरीराचा कोणता भाग अजून त्याच्या हुकमात आहे. एखाद्याची हनुवटी हलते, एखाद्याचे एक बोट, एखाद्याचे केवळ डोळे. त्या एका हालचालीवर सबंध व्यवस्था उभी करावयाची असते. मान किंचित कलली तरी डोळ्यांचा माग घेणारे यंत्र चुकते, म्हणून आधी खुर्चीची बैठक बसवावी लागते. बैठक चुकली तर कातडीला जखमा होतात. आजार पुढे सरकला की बोटावरची कळ निरुपयोगी ठरते आणि सारे पुन्हा मांडावे लागते. हे काम दुकानातून वस्तू आणून देण्याचे नव्हे. आणि ज्याच्या हाती दोन वर्षेही उरलेली नाहीत त्याला यंत्रासाठी सहा महिने थांबविणे म्हणजे काय, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

या शाखेचा इतिहास त्या सेवेइतकाच जुना आहे. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा मेडरेस्को नावाचे श्रवणयंत्र बहिऱ्यांना फुकट मिळू लागले. त्याचा आराखडा वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने तयार केला होता. त्याच सुमारास अपंगांना सरकारी मालकीच्या तीनचाकी मोटारी मिळू लागल्या. फिकट निळ्या रंगाच्या या गाड्यांत एकच माणूस बसू शके. बायकोमुले बरोबर नेण्याची सोय नव्हती आणि वाऱ्यात गाडी डगमगे. १९७६ मध्ये सरकारने वाहनाऐवजी भत्ता देण्यास आरंभ केला आणि ३१ मार्च २००३ रोजी शेवटच्या निळ्या गाड्याही रस्त्यावरून हटविण्यात आल्या. साठाच्या दशकाच्या आरंभी स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात फुंकरीने आणि शोषून चालविण्याचे, ‘पॉसम’ नावाचे यंत्र तयार झाले. मानेखाली लुळा पडलेला रुग्ण त्यायोगे घंटा वाजवू शके, दिवा लावू शके, टंकलेखनही करू शके.

कल्पकतेची वाण कधीच नव्हती. वाण होती ती कारभाराची. कृत्रिम अवयव आणि चाकांच्या खुर्च्या पुरविणारी केंद्रे कित्येक वर्षे रुग्णालयांपासून अलग, थेट मंत्रालयाच्या ताब्यात होती. मोजमाप घेणारा कारागीर कंत्राटदार कंपनीचा नोकर आणि चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर सरकारचा. पाय बसला नाही तर दोष कोणाचा, हे ठरविणे दोघांच्याही हिताचे नव्हते. १९८६ मध्ये शल्यविशारद इयन मॅकॉल यांच्या समितीने या व्यवस्थेवर कडक ताशेरे ओढले. पुरवठा मोजक्या कंपन्यांच्या मुठीत होता, स्पर्धा नावापुरती होती आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले होते तो अपंग मात्र हिशेबात नव्हता. पुढील वर्षी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले आणि १९९१ साली ही केंद्रे राष्ट्रीय आरोग्य सेवेत विलीन करण्यात आली. रुग्णालयात काम करणाऱ्या अभियंत्याला आणि शास्त्रज्ञाला या क्षेत्रात खरा वाव मिळाला तो या फेरबदलानंतर.

आता शिडीकडे वळू. २०१० साली ब्रिटनच्या आरोग्य खात्याने या शास्त्रज्ञांच्या शिक्षणाची नवी चौकट जाहीर केली. पदवीनंतर तीन वर्षांचे प्रशिक्षण, त्यातच पदव्युत्तर पदवी आणि मग ‘क्लिनिकल सायंटिस्ट’ ही कायद्याने संरक्षित उपाधी, हा पहिला टप्पा. त्यावर, २०१४ पासून, पाच वर्षांचे उच्च प्रशिक्षण. नोकरी सांभाळून ते पुरे करावयाचे, शेवटी डॉक्टरेटच्या दर्जाची पदवी, आणि अभ्यासक्रमात नेतृत्व व व्यवस्थापन हा विषय सक्तीचा. हेतू असा की, वैद्यकातील कन्सल्टंटच्या तोडीचा शास्त्रज्ञ तयार व्हावा. आखणी विचारपूर्वक झालेली आहे हे मान्य केले पाहिजे. इंग्लंडसाठी मुख्य शास्त्रीय अधिकारी हे पदही आहे आणि त्यावर २००२ मध्ये स्यू हिल या श्वसनविज्ञानातील शास्त्रज्ञ बाईंची नेमणूक झाली होती. म्हणजे शिखर आहे आणि पायथाही आहे. मधला डोंगर कोठे आहे, असा प्रश्न पडतो.

कारण हे पाच वर्षांचे प्रशिक्षण पुरे केल्याने कन्सल्टंट शास्त्रज्ञाची जागा मिळतेच असे नाही. जागा निर्माण करावयाची किंवा नाही हे त्या त्या रुग्णालयाने ठरवावयाचे असते. प्रशिक्षणाचा खर्च एका खात्याचा आणि जागेचा खर्च दुसऱ्याचा. पुरवठा केंद्राने वाढविला आणि मागणी स्थानिकांवर सोडली, तर जे व्हावयाचे तेच होते. त्यातून मालक एकच. विमा कंपनीच्या किंवा खाजगी रुग्णालयाच्या दारी डॉक्टर जाऊ शकतो. अपंगांची बैठक बसविणाऱ्या शास्त्रज्ञाला राष्ट्रीय आरोग्य सेवेबाहेर गिऱ्हाईक मोजकेच. २००४ पासून बहुतेक सर्व कर्मचाऱ्यांसाठी एकच वेतनश्रेणी लागू झाली आणि डॉक्टर व अत्युच्च व्यवस्थापक तेवढे तिच्याबाहेर राहिले. या श्रेणीत वर चढण्याचा मार्ग पुष्कळदा एकच उरतो आणि तो म्हणजे माणसांवर देखरेख करण्याचा. पंधरा वर्षे खुर्च्यांत घालविलेल्या शास्त्रज्ञाची बढती म्हणजे खुर्च्यांपासून सुटका, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होतो.

त्याहून लक्षणीय बाब कायद्याची आहे. इंग्लंडमधील स्वायत्त रुग्णालय-न्यासांच्या संचालक मंडळाची रचना २००६ च्या कायद्याने बांधून दिली आहे. कार्यकारी संचालकांपैकी एक नोंदणीकृत डॉक्टर किंवा दंतवैद्य असला पाहिजे आणि एक नोंदणीकृत परिचारिका किंवा सुईण. शास्त्रज्ञाचा उल्लेख नाही. त्याला मज्जाव आहे असे नव्हे. मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून तो येऊ शकतो, कारभाराचा संचालक म्हणूनही येऊ शकतो. परंतु शास्त्रज्ञ म्हणून त्याची जागा राखलेली नाही. याचे मूळ शोधावयाचे तर १९८३ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी थॅचर सरकारने सेन्सबरी या किराणा दुकानांच्या साखळीचे व्यवस्थापकीय संचालक रॉय ग्रिफिथ्स यांना रुग्णालयांच्या कारभाराची तपासणी करावयास सांगितले. १९७४ पासून डॉक्टर, परिचारिका, हिशेबनीस आणि प्रशासक एकमताने निर्णय घेत. एकमत होईना तर निर्णयही होईना. आज मिस नाइटिंगेल दिवा घेऊन निघाल्या तर जबाबदार माणूस शोधत त्यांना सारी रुग्णालये धुंडाळावी लागतील, अशा आशयाचा टोला ग्रिफिथ्स यांनी लगावला. प्रत्येक पायरीवर एक महाव्यवस्थापक असावा ही त्यांची शिफारस अमलात आली. डॉक्टर आणि परिचारिका यांच्या संघटना बळकट होत्या, म्हणून त्यांनी नव्या रचनेतही आपले आसन पुढे राखून घेतले. शास्त्रज्ञ पन्नास शाखांत वाटलेले. त्यांच्या वतीने भांडावयास कोणी नव्हते. संख्या आणि एकजूट नसलेल्या विद्येची किंमत बाजारात जशी कमी होते, तशी ती रुग्णालयातही होते.

एवढ्याने वाचक विचारील की, एका व्यवसायाच्या मानपानाचा हा प्रश्न झाला. अपंगाला त्याचे काय? खरी गोम येथेच आहे. एकाच रुग्णाची साधने किती खिशांतून येतात ते पाहा. त्याची चाकांची खुर्ची स्थानिक आरोग्य मंडळाच्या पैशातून. त्या खुर्चीवर बसवावयाचे बोलके यंत्र, गरज गुंतागुंतीची असेल तर, २०१३ मध्ये राष्ट्रीय स्तरावर खरेदी सुरू झालेल्या विशेष सेवेतून. अशा गुंतागुंतीच्या गरजा एकूण गरजूंपैकी सुमारे एक-दशांश लोकांच्याच असतात, असे ही रचना गृहीत धरते. उरलेले नऊ भाग स्थानिक सेवेवर. घराच्या दाराशी उतरंड बांधण्याचे आणि स्नानघर रुंद करण्याचे अनुदान नगरपालिकेकडून. मोटार समाजकल्याणाच्या भत्त्यातून. तो नोकरी करीत असेल तर कचेरीतील उपकरण १९९४ पासून चालू असलेल्या रोजगार-साहाय्य योजनेतून. मूल असेल तर शाळेतील संगणक शिक्षण खात्याकडून. देह एक आणि खिसे सहा.

अर्थशास्त्रात ज्याला बाह्य लाभ म्हणतात त्याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण. समजा, स्थानिक मंडळाने चांगल्या बैठकीची महाग खुर्ची दिली. त्यामुळे पाठीवर जखम झाली नाही, म्हणून रुग्णालयातील खाट वाचली. तो लाभ रुग्णालयाचा. मुलगी नोकरी सोडून घरी बसली नाही. लाभ तिच्या मालकाचा आणि प्राप्तिकर खात्याचा. तो स्वतः कामावर जाऊ लागला. लाभ भत्ते देणाऱ्या खात्याचा. खर्च मात्र सर्वस्वी स्थानिक मंडळाच्या माथी. वर्षअखेरीस ज्याला आपले अंदाजपत्रक तोंडमिळवणीस आणावयाचे आहे तो अधिकारी स्वस्त खुर्ची निवडील, आणि त्यात त्याचा दुष्टपणा नाही. त्याच्यापुढील आकड्यांत जखम दिसत नाही.

ती कोणाला दिसते? जो त्या रुग्णाच्या घरी जातो, बैठक मोजतो, यंत्र जोडतो आणि सहा महिन्यांनी पुन्हा जाऊन पाहतो, त्याला. सहा खिशांतून येणारी साधने ज्या एका ठिकाणी एकत्र येतात ते ठिकाण म्हणजे रुग्णाचा देह, आणि ती तेथे जुळविणारा माणूस म्हणजे हा शास्त्रज्ञ. कोणत्या खर्चाने कोणता खर्च वाचला याचे प्रत्यक्ष ज्ञान यंत्रणेत त्याच्याइतके अन्य कोणापाशी असण्याचा संभव कमी. डॉक्टर आजार पाहतो, परिचारिका शुश्रूषा पाहते, हिशेबनीस रकाना पाहतो. म्हणून वरिष्ठ मंडळात त्याचे आसन असावे ही मागणी मानपानाची नसून माहितीची आहे.

साधन देणे आणि साधन उपयोगी पडणे यांत किती अंतर असते याचा दाखला जुनाच आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत असे आढळले की, अपंगांना मिळालेल्या साधनांपैकी सुमारे २९ टक्के टाकून देण्यात आली होती. त्याची कारणे उद्‌बोधक आहेत. वापरणाऱ्याचे मत विचारले गेले नाही, साधन फार सहज मिळाले, त्याचे काम नीट झाले नाही आणि माणसाची गरज बदलली. सहज मिळणे हे टाकून देण्याचे कारण ठरावे याचे प्रथमदर्शनी नवल वाटते. पण जे विचारपूस न करता हाती पडते ते कोपऱ्यातही तितक्याच सहज पडते.

या मागणीच्या विरुद्ध जे बोलले जाते तेही डावलून चालणार नाही. या शाखेतील अनुभवी शास्त्रज्ञ थोडे. त्यांतील एकेक उचलून समित्यांच्या बैठकांना बसविला तर बैठकी बसवावयास उरणार कोण? नामांकित शिक्षकाला मुख्याध्यापक करून शाळा एक चांगला शिक्षक गमावते आणि पुष्कळदा चांगला मुख्याध्यापकही मिळवीत नाही, हा अनुभव शिक्षकवर्गाला सांगावयास नको. शिवाय प्रत्येक व्यवसायाने मंडळात राखीव आसन मागितले तर संचालक मंडळाची ग्रामसभा होईल आणि १९७४ ची एकमताची कोंडी परत येईल. हा आक्षेप वजनदार आहे. मात्र त्याचा निष्कर्ष शास्त्रज्ञाला दूर ठेवण्याकडे जात नाही. आठवड्याचे काही दिवस रुग्णांकडे आणि काही दिवस कारभाराकडे अशी विभागणी वैद्यकीय संचालकांच्या बाबतीत ब्रिटनमध्ये रूढ आहेच. डॉक्टरने शस्त्रक्रिया आणि संचालकपद दोन्ही सांभाळावे आणि शास्त्रज्ञाला मात्र एकाची निवड करावी लागावी, यास सवयीखेरीज दुसरे कारण दिसत नाही. राखीव आसनापेक्षाही मोलाची गोष्ट अशी की, सहा खिशांपैकी निदान तिघांचे अंदाजपत्रक एकत्र करून त्याची सूत्रे अशा माणसाच्या हाती द्यावीत. अधिकाराविना दिलेले नेतृत्वाचे प्रशिक्षण म्हणजे पोहण्याचे पुस्तक होय.

मार्च २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने ‘एनएचएस इंग्लंड’ ही मध्यवर्ती संस्था बरखास्त करून तिचे काम आरोग्य खात्याकडे घेण्याचे जाहीर केले. विशेष सेवांपैकी अनेकांची खरेदी प्रादेशिक मंडळांकडे सोपविण्याचा उपक्रम २०२४ पासूनच टप्प्याटप्प्याने सुरू झालेला होता. खिसे पुन्हा शिवले जात आहेत, तेव्हा शिंपी कोण, हे विचारण्याची वेळ हीच.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात अडीचशे कोटी लोकांना किमान एका सहायक साधनाची गरज आहे, आणि जवळजवळ शंभर कोटींना ते मिळत नाही. त्या शंभर कोटींतील फार मोठा भाग ब्रिटनमध्ये नव्हे, आपल्यासारख्या देशांत राहतो. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंगांची नोंद झाली. मुंबईत हाजीअलीला भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे, कानपूरचा कृत्रिम अवयवांचा सरकारी कारखाना १९७२ साली स्थापन झाला, आणि साधने वाटण्याची केंद्रीय योजना १९८१ पासून चालू आहे. २९ फेब्रुवारी २०२० रोजी प्रयागराजला एकाच शिबिरात सव्वीस हजारांहून अधिक लोकांना साधने वाटली गेली आणि तीनचाकी सायकलींच्या संचलनाचा विक्रमही नोंदविला गेला. सव्वीस हजार ही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्यांतील किती साधने वर्षभराने वापरात होती हे सांगण्याची जबाबदारी कोणत्या पदावरील माणसाची होती, असे विचारले तर उत्तर मिळत नाही, कारण तसे पद नाही.

नावाची उणीव मात्र आपल्या कायद्यात नाही. भारतीय पुनर्वसन परिषदेच्या १९९२ च्या कायद्याने पुनर्वसन व्यावसायिकांची जी यादी केली तिच्यात ‘पुनर्वसन अभियंते आणि तंत्रज्ञ’ हा वर्ग स्पष्टपणे घातलेला आहे. त्याला आता तीन दशके होऊन गेली. एखाद्या विद्यार्थ्याने ही वाट धरावयाची ठरविली आणि पहिली नेमणूक कोठे, वीस वर्षांनी बढती कोणत्या पदावर आणि जिल्हा रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात आपल्या शब्दाला वजन किती असे विचारले, तर त्याला दाखविण्यासाठी सध्या तरी यादीतील ते एक कलमच आहे.